वडिलांच्या रोलच्या कॅमेऱ्याच्या चार लेन्स आहेत, त्यांच्यासाठी कोणती डिजिटल बॉडी घ्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्यात वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद केल्यावर कपाटातून चार मॅन्युअल लेन्स निघाल्या: हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२), पेंटॅकॉन १३५ मिमी एफ/२.८, निक्कॉर ५० मिमी एफ/१.४ एआय आणि मिनोल्टा एमडी रोकॉर ५० मिमी एफ/१.७. सोबत एक यशिका इलेक्ट्रो ३५. बजेट साठ हजार, जुनी बॉडी चालेल, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत. आणि मित्र म्हणतोय, निकॉनची लेन्स आहेच तर सेकंडहँड डी७५० (निकॉनचा आरसा असलेला डिजिटल कॅमेरा, म्हणजे डीएसएलआर) घेऊन टाक.

मित्राचं ऐकू नका. डी७५० वाईट कॅमेरा आहे म्हणून नव्हे, चांगलाच आहे. पण तुमच्या चारपैकी तीन लेन्स त्याच्यावर धड चालणार नाहीत.

का, ते एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. प्रत्येक कंपनीने लेन्सची बैठक आणि रोल यांच्यात ठरावीक अंतर ठेवलेलं असतं. एम४२ चुडीच्या, म्हणजे मागच्या आट्यांवर फिरवून बसवायच्या लेन्सला (तुमचा हेलिओस, पेंटॅकॉनही बहुधा याच चुडीचा असेल, मागची बाजू एकदा बघून घ्या) ते ४५.४६ मिमी लागतं, मिनोल्टाला ४३.५, निकॉनला ४६.५. डी७५० मध्ये सेन्सर बैठकीपासून ४६.५ मिमीवरच आहे. म्हणजे हेलिओस लावली की ती अडॅप्टरची (मधल्या जोडकडीची) जाडी धरायच्या आधीच मिलिमीटरभर पुढे राहते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्याने दोन-तीन मीटरच्या पलीकडचं काहीच फोकस होत नाही. रोकॉर तर तीन मिमी पुढे जाते, तिला मीटरभरसुद्धा गाठता येत नाही. यावर उपाय म्हणून आत भिंग असलेले अडॅप्टर मिळतात. ते लांबचा फोकस देतात खरे, पण जुन्या लेन्सच्या मागे आणखी एक स्वस्तातलं भिंग लावायचं असेल तर मग हेलिओस कशाला, किट लेन्स काय वाईट होती?

एवढं अंतर लागायचं ते एसएलआर आणि डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो म्हणून. मिररलेसमध्ये आरसाच नसल्याने हे अंतर एकदम खाली आलं. सोनी ई ला १८ मिमी, निकॉन झेड ला १६, कॅनन आरएफ ला २०. जुन्या एसएलआरची कुठलीही लेन्स घ्या, मध्ये अडीच-तीन सेंटीमीटर जागा उरते, तेवढ्या लांबीची पोकळ नळी बसवली की काम झालं. भिंग नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. चार लेन्स, तीन माउंट (बैठकी), तीन नळ्या, बॉडी एकच.

हां, चारही लेन्स निक्कॉर एआय असत्या तर मी डी७५० ला एवढा विरोध केला नसता. एआय लेन्सची एफ-आकड्याची रिंग तो वाचतो, मीटरही चालतो. (१९७७ च्या आधीच्या, एआय न केलेल्या निक्कॉर मात्र त्याच्यावर चढवायच्या नाहीत, बॉडीच्या कडेची बारीक पट्टी मोडू शकते. तुमची एआय आहे, तिला धोका नाही.) पण तिथेही दुसरी अडचण राहतेच. वडिलांच्या कॅमेऱ्यात खिडकीच्या (डोळा लावून बघायच्या व्ह्यूफाइंडरच्या) मधोमध दुभंगलेलं वर्तुळ असायचं, दोन अर्ध्या जुळल्या की फोकस. डीएसएलआरमधून ते गेलं, कारण ऑटोफोकस आला. त्यांचा फोकसिंग स्क्रीन उजेड जास्त दाखवायला बनवलेला आहे, एफ/१.४ ची लेन्स लावली तरी डोळ्याला साधारण एफ/२.८ एवढी फोकसची खोली दिसते. म्हणजे जे खिडकीत धारदार दिसतं ते फोटोत असेलच असं नाही. फोकस जुळल्याचं सांगणारा हिरवा ठिपका असतो, पण त्याच्या भरवशावर एफ/१.४ ला पोर्ट्रेट काढायचं म्हणजे नशिबाचा खेळ.

म्हणून माझं मत असं की मॅन्युअल लेन्ससाठी बॉडी घेताना मेगापिक्सेल शेवटी बघा. आधी खिडकी बघा: ती केवढी मोठी आहे, चष्मा लावून चारही कोपरे दिसतात का, आणि बोट न हलवता एका बटणाने मधला भाग मोठा करून दाखवते का. दिवसभर तुम्ही त्या खिडकीतच राहणार आहात.

मी सांगलीत असतो आणि मिरजेच्या सतारमेकरांकडे बऱ्यापैकी फोटो काढतो, जवळजवळ सगळे हेलिओसवर. तिथलं एक काम सांगतो, म्हणजे खिडकीचं महत्त्व लक्षात येईल. तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणकार) लावताना कारागीर घोडीवर, तारेखाली, सुती दोरा सरकवत असतो. केसभर पुढे, केसभर मागे, मध्ये तार छेडून ऐकायची. फोटो त्या दोऱ्याचा हवा. हेलिओस एफ/२ ला, ६० सेंटीमीटरवरून, धारदार पट्टा मिळतो सव्वा सेंटीमीटरच्या आतबाहेर. दोरा त्यात हवा. बोटाचं नख चालेल, मागची तार नको. इथे पिकिंगचे रंगीत ठिपके (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवण्याची सोय) उपयोगाचे नाहीत, कारण तारा चकाकतात आणि चकाकणारी प्रत्येक कड पिकिंगला फोकसमधलीच वाटते. जरीच्या काठाच्या साडीवर हेच होतं, सगळा पदर पेटून उठतो. बटण दाबून दोरा मोठा करायचा, त्याचा पीळ दिसेपर्यंत रिंग फिरवायची आणि लगेच क्लिक. तुम्ही स्वतः पुढेमागे झुललात की गेलं.

पिकिंग लांबच्या, एफ/५.६ च्या कामाला ठीक. रंग तेवढा विचार करून निवडा. सांगलीच्या हळद पेठेत पिवळं पिकिंग ठेवलंत तर पोती आणि पिकिंग यातलं कुठलं कुठलं ते ओळखून दाखवा.

आता बॉडी. फुल फ्रेमच घ्या, म्हणजे रोलच्या चौकटीएवढा सेन्सर असलेली. क्रॉप (त्याहून लहान) सेन्सरवर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते, ५८ ची ८७ सारखी. वाड्याच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवली तरी समोरचा माणूस कमरेपर्यंतच येतो. शिवाय हेलिओसची जी गरगरती पार्श्वभूमी लोकांना हवी असते ती फ्रेमच्या कडांना असते, आणि क्रॉप सेन्सर नेमक्या कडाच कापतो. फुजीच्या बॉड्यांत डिजिटल स्प्लिट इमेज मिळते, वडिलांच्या कॅमेऱ्याची आठवण येईल अशी, आणि त्यांची बटणं-डायल मलाही आवडतात. तरी तुमच्या लेन्स बघता नको.

उरले दोन. सोनी ए-सेव्हन टू आणि निकॉन झेड ५. दोन्ही २४ मेगापिक्सेल, दोघांच्याही बॉडीत सेन्सर हलवून थरथर सावरण्याची सोय. पहिली ए-सेव्हन (२०१३ ची) आणखी स्वस्त मिळेल, पण तिच्यात ही सोय नाही. कॅनन आरपीतही नाही. १३५ ची पेंटॅकॉन हातात धरून वापरायची तर ती हवीच. जुन्या लेन्सकडून अंतराची माहिती मिळत नसल्याने ही सोय पाचऐवजी तीनच दिशांनी सावरते, तरी फरक जाणवतो.

चष्मा असेल तर झेड ५ घ्या. तिची खिडकी ३.६९ दशलक्ष ठिपक्यांची आणि ०.८ पट आहे; ए-सेव्हन टू ची २.३६ दशलक्ष, ०.७१ पट. आकडे सोडा, दुकानात दोन्ही डोळ्याला लावून बघा, तिथेच निकाल लागेल. ए-सेव्हन टू ची बाजू पैशाची: साठ हजारांत तिन्ही अडॅप्टर आणि जादा बॅटरीसकट बसायला हवी. बॅटरी जादा लागतेच, त्या पिढीच्या सोनीची बॅटरी छोटी आहे. झेड ५ साठी थोडं ताणावं लागेल. मी तुमच्या जागी असतो तर एक-दोन महिने थांबून झेड ५ घेतली असती. कपाटात एवढी वर्षं पडलेल्या लेन्स अजून दोन महिने पडल्याने काही बिघडत नाही.

बॉडी हातात आल्यावर पहिल्या दिवशी दोन गोष्टी कराच. सोनी असेल तर मेन्यूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करा, नाहीतर लेन्स लावलेली असूनही कॅमेरा लेन्सच नाही असं समजून शटर दाबूच देणार नाही. बरेच जण इथेच घाबरून अडॅप्टर परत पाठवतात. दुसरं, थरथर सावरण्याच्या सेटिंगमध्ये लेन्सचं फोकल लेंग्थ हाताने भरा: सोनीत स्टेडीशॉटच्या मॅन्युअलमध्ये, निकॉनमध्ये ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’त. लेन्स बदलली की आकडाही बदलायचा. १३५ लावून आकडा ५० ठेवला तर सावरणं अर्धवट होतं, आणि उलट केलंत तर कॅमेरा नको तेवढं सावरून फोटो स्वतःच हलवतो. एक्सपोजरची काळजी नको. ए मोडमध्ये (शटर कॅमेरा ठरवतो) मीटर लेन्समधून आलेला उजेडच मोजतो. मी स्वतः एम (मॅन्युअल) मोड, शटर १/१२५ किंवा १/२५०, आयएसओ ऑटो असं ठेवतो. म्हणजे डावा हात रिंगवर मोकळा.

अडॅप्टरमध्ये सगळ्यात स्वस्त घेऊ नका. त्यांची लांबी मुद्दाम जराशी कमी ठेवलेली असते, त्यामुळे अनंताची खूण यायच्या आधीच फोकस अनंतावर पोचतो, ते चालतं. पण लेन्स लावल्यावर डुगडुगत असेल तर परत करा. पेंटॅकॉनच्या मागे बारीक पिन असेल आणि अंगावर ए-एमचा (ऑटो-मॅन्युअल) खटका नसेल, तर पिन दाबून धरणारा, आतून कड असलेला एम४२ अडॅप्टर मागा. नाहीतर रिंग कितीही फिरवा, लेन्सचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या पाकळ्या हलणारच नाहीत. हेलिओस ४४-२ ला पिन नाही. तिला दोन रिंगा आहेत: एकीवर एफ/४ वगैरे ठरवून ठेवायचं, दुसरी उघडून फोकस करायचा आणि अडेपर्यंत बंद करून फोटो.

एक हौसेची गोष्ट. एम४२ आणि सोनी ई मध्ये २७.४६ मिमी जागा उरते, तेवढ्यात लांब-आखूड होणारा हेलिकॉइड अडॅप्टर बसतो. झेडसाठीही मिळतो. तो लावला की हेलिओसचा अर्ध्या मीटरचा किमान फोकस बराच जवळ येतो. तुम्ही साताऱ्याचे, कास तुमच्या उशाशी. सप्टेंबरात वाटेच्या कडेची सीतेची आसवं आणि तेरडा, फुलांत पाय न टाकता, छान निघतात. वारा असतो, तेव्हा शटर १/५०० च्या खाली आणू नका.

आणि बॉडीचे पैसे देण्याआधी लेन्स तपासा. पाकळ्या पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. काठाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, आपल्याकडचा पावसाळा आणि चामड्याचं पाकीट एकत्र आलं की ती धरतेच. थोडी असेल तर फोटोत कळतही नाही, पण साफ करून घ्या. मधल्या दोन भिंगांच्या चिकटवणीत शिरली असेल तर त्या लेन्सवर खर्च करू नका. पाकळ्यांवर तेल आलं असेल तर तेही तेव्हाच दिसेल. पाकिटं फेकून द्या, नाहीतर निदान वेगळी ठेवा. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर हलके तापवून पुन्हा निळे करायचे आणि गार झाल्यावर परत डब्यात.

राहिली यशिका इलेक्ट्रो. तिची लेन्स निघत नाही, बॉडीचाच भाग आहे, त्यामुळे डिजिटलवर लावायचा प्रश्न येत नाही. कोणी कापून काढून देतो म्हणाला तरी देऊ नका. तिला ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता मिळत नाही. पण आवरण-अडॅप्टरमध्ये ६ व्होल्टचा ४एलआर४४ घालून ती चालते. आधी बॅटरीच्या खणात हिरवट गंज आहे का ते बघा, असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या, कोरडं होऊ द्या, मग सेल घाला आणि मागचं बटण दाबून वरचा दिवा लागतो का बघा. लागला तर एक रोल टाका.