भिगवणला लहान मुलांना फ्लेमिंगो दाखवायला न्यावं का?

तुमची मुलं चार आणि सात वर्षांची. पुण्याहून एका दिवसात भिगवण होईल का, की मुलं डोकं खातील, असं तुम्ही विचारलंय. आम्ही गेलो तेव्हा थोरली सहाची होती आणि धाकटा साडेतीनचा. माझं मत विचाराल तर जरूर जा, पण एकट्या फ्लेमिंगोच्या भरवशावर जाऊ नका.

सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण शंभर किलोमीटर. पहाटे पाचला मुलांना झोपेतच गाडीत टाकलं, म्हणजे साडेसातच्या आसपास भिगवणजवळच्या कुंभारगावात पोचता येतं. तिथे गावातल्याच मच्छीमार लोकांच्या होड्या असतात. आदल्या दिवशी होडीवाल्याला फोन करून एवढंच विचारा, "पाणी किती उतरलंय?" हे सगळं पाणी भीमेवरच्या उजनी धरणाचं. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यातच चरतो. पाऊस चांगला झाला की धरण डिसेंबरातही तुडुंब असतं आणि रोहित फारसे दिसत नाहीत. आम्ही पहिल्यांदा ख्रिसमसच्या सुट्टीत गेलो आणि लांबवर एक पांढरी रेघ बघून परत आलो. पुढच्या खेपेला फेब्रुवारीत गेलो, तेव्हा खरी मजा आली.

आता मुलांचं. रोहित लांब असतात. दुर्बीण लहान मुलांच्या डोळ्यांना नीट लागत नाही, मग "कुठेय? कुठेय?" सुरू होतं. त्यापेक्षा जवळचं दाखवा. होडीच्या कडेने सुळकन बुडी मारून भलतीकडेच वर येणारे पाणकावळे, खांबावर बसलेला खंड्या, डोक्यावरून जाणारे नदीसुरय, चित्रबलाकांची पिवळी चोच. धाकटा अर्धा तास फक्त होडीवाले दादा बांबूने होडी कशी ढकलतात ते बघत होता. त्याच्यासाठी ट्रिप तिथेच वसूल! पट्टकदंब दिसले तर हे हंस हिमालय ओलांडून येतात हे मोठ्याला जरूर सांगा. आमची थोरली त्यावर "स्वेटर न घालता?" म्हणाली.

रोहित नीट दिसले की मुलांना दोन गोष्टी हमखास आवडतात. एक, तो डोकं उलटं करून, चोच पाण्यात घालून खातो आणि चिखलपाणी गाळून बाहेर सोडतो. दुसरी, त्याचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. पिल्लं आधी राखाडी असतात, रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात. घोळक्यात मळकट दिसणारे कोण ते शोधायला लावा, दहा मिनिटं शांतता मिळेल.

एक कबुली देते. मीच म्हटलं होतं, "दादा, अजून थोडं जवळ घ्या ना, फोटो येत नाहीये." त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. थवा उडाला की त्याचं चरणं मोडतं आणि जागाही सुटते, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा थोडा रागच आला होता. नंतर शेजारच्या होडीतल्या मंडळींनी टाळ्या वाजवून थवा उडवला. पाच सेकंद सुंदर दिसलं, आणि मग आमच्यासमोर रिकामं पाणी. कुरवांना, म्हणजे सीगल पक्ष्यांना, फरसाण टाकणारेही भेटतील, तुम्ही टाकू नका.

लाइफ जॅकेट मात्र मुलांच्या मापाचं मागून घ्या, नसेल तर बसू नका. मे २०२४ मध्ये याच उजनीत वादळात होडी उलटून सहा जण गेले. ती पक्षी बघायची फेरी नव्हती, गावातून गावात जाणारी होडी होती. पण पाणी तेच आहे.

होडी दीड तासाच्या वर नको. ऊन दहापासूनच चढतं, पाण्यावर तर जास्तच, आणि होडीत सावली नसते. निघण्याआधी काठावर मुलांना शू करवून घ्या, हे मी अनुभवाने सांगतेय. जेवण आधी सांगून ठेवलं तर गावात घरगुती मिळतं. भाकरी आणि तळलेली चिलापी. सासूबाई शाकाहारी, त्यांना पिठलं मिळालं. चिलापीला काटे असतात, तेव्हा चार वर्षांच्याला तुम्ही स्वतः निवडून भरवा, आणि त्या वेळात तुमची चिलापी गार होणार हे धरून चाला.