परदेशातून शिकून आलेल्या मुलीचं मन घरात का लागत नाही?

"मॅडम, दोन वर्षं तिची वाट बघितली. आता घरात आहे, तर समोर बसूनही नसल्यासारखी. आम्ही नकोसे झालो का तिला?"

नाशिकच्या इंदिरानगरहून आलेल्या एका आईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरून हे विचारलं. मुलं परदेशी शिकून परत आली की अनेक आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून त्या दोघींच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगी सव्वीस वर्षांची. जर्मनीत, ड्रेस्डेनला मास्टर्स केलं. डिग्रीनंतर नोकरी शोधायला तिथे अठरा महिने राहता येतं. पण वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आणि कुणी न बोलावता ती आपणहून परत आली. येऊन सात आठवडे झाले तरी मोठी बॅग खोलीत अर्धवट उघडी पडली होती. येणारे-जाणारे विचारायचे, "तिकडे जॉब नाही का लागला?" ती हसून आत निघून जायची.

पहिल्या भेटीत ती जेमतेम बोलली. उठता उठता म्हणाली, "मला वाईट वाटून घ्यायचा हक्कच नाही ना. बाबा बरे आहेत. सगळे इतकं करतात माझ्यासाठी."

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं: जे खरं असतं, पण ज्याला आजूबाजूचे दुःख मानतच नाहीत. माणूस गेलं तर लोक भेटायला येतात. राहतं गाव, रोजचा रस्ता, तिथे घडलेले आपण स्वतः सुटलो, तर कोण येणार भेटायला? उलट लोक पेढे मागतात.

दुसऱ्या भेटीत मी तिला एवढंच म्हटलं, "तिथला शेवटचा दिवस सांग."

"ओव्हन घासला," ती म्हणाली. खोली ताब्यात देताना डिपॉझिट कापलं जाऊ नये म्हणून दोन दिवस ती ओव्हनच घासत होती. मग गाव सोडत असल्याची नोंद, बँकेचं काम, एका ज्युनिअरला सायकल विकणं. एल्बे नदीकाठच्या ज्या रस्त्याने दोन वर्षं सायकल चालवली, तिथे शेवटचं जायचं राहून गेलं. खालच्या मजल्यावरच्या आजी तिचं जर्मन सुधारायच्या, प्लमचा केक राखून ठेवायच्या. त्या नेमक्या तेव्हा आपल्या मुलाकडे गेल्या होत्या. दारात चिठ्ठी सरकवून ही विमानतळावर गेली. हे सांगताना ती पहिल्यांदा रडली, आणि मी तिला थांबवलं नाही.

जाताना आपण मुलांना ओवाळतो, हातावर दही ठेवतो, सगळी गल्ली निरोप देते. तिथून निघताना मात्र त्यांना कुणी निरोप देत नाही, त्यांनाही तो घेता येत नाही.

आईंना मी वेगळं बोलावलं. जाताना करमणार नाही हे सगळे धरून चालतात, परतल्यावरचा उतार कुणाच्या हिशेबातच नसतो. जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी १९६३ मध्येच हे मांडलं होतं: परदेशी गेल्यावर मन एकदा खाली जातं, सावरतं, आणि घरी परतल्यावर पुन्हा खाली जातं. म्हणजे हा तुमच्यावरचा राग नव्हे. "आता तिथलं विसर" हे वाक्य मात्र काही दिवस बंद ठेवा, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आणि बॅग तिने एकटीने उपसू नये, तुम्ही शेजारी बसा. सल्ला द्यायचा नाही, फक्त "हे काय?" विचारायचं.

इथे एक सांगून ठेवते. झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर हा तात्पुरता उतार समजून वाट बघू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

रविवारी दोघी बॅग घेऊन बसल्या. जॅकेटच्या खिशातून बेकरीची एक चुरगळलेली कागदी पिशवी निघाली. तिच्यावर आजींनी पेन्सिलीने शब्दांच्या तीन रांगा लिहिलेल्या: डेअर, डी, डास. आई पिशवी टाकायलाच निघाल्या होत्या, पण ठरल्याप्रमाणे विचारलं, "हे काय?" मुलीने समजावलं, की जर्मनमध्ये प्रत्येक वस्तूला लिंग असतं आणि ते पाठच करावं लागतं. आई म्हणाल्या, "मग आपलं काय वेगळं आहे? तो चमचा, ती वाटी, ते ताट." मुलगी बघतच राहिली. त्या दिवशी दुपारचं जेवण चार वाजता झालं म्हणे.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. अंबडच्या एका कंपनीतला इंटरव्ह्यू तिने मध्येच सोडला, पुढे दुसरीकडे रुजू झाली. कधी कधी अजूनही गप्प असते. पण आजींना तिने सविस्तर पत्र लिहिलं, राहिलेला निरोप त्यात घेतला, आणि रविवारी पहाटे सायकलवर सोमेश्वरपर्यंत जाऊन येते.

दिवाळीच्या आधी आईंचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा काही बिनसलं. "मॅडम, त्या जर्मनीच्या आजींना फराळ पाठवता येतो का हो?" युरोपात दुधातुपाचे पदार्थ पार्सलने चालत नाहीत एवढं मला माहीत होतं. म्हणून बेसनाचे लाडू बाद झाले. तेलाचं मोहन घातलेली चकली आणि पातळ पोह्यांचा चिवडा ठरला.