रोज मोहाची दारू पिणाऱ्या वडिलांची दारू घरीच एकदम बंद केली तर चालेल का?

वडील वीस वर्षांपासून रोज पितात आणि पोळ्यापासून सोडायची म्हणतात, असे आपण लिहिले आहे. त्यांचा निश्चय मोलाचा आहे, परंतु डॉक्टरांना दाखवल्याशिवाय दारू एकदम बंद करू नका. सकाळी पहिला घोट पोटात जाईपर्यंत चहाची बशी धरलेला हात थरथरत असेल, तर शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा माणसाची दारू तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन त्याला नसलेली माणसे दिसू लागतात. आपल्याकडे यालाच ‘बाहेरचे’ समजून मांत्रिकाकडे नेतात आणि उपचाराचा वेळ जातो, याचे फार वाईट वाटते. रुग्णालयात काही दिवसांची औषधे आणि थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शने देऊन हा धोका बराच टाळता येतो.

त्यानंतर समुपदेशन हवे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या जास्तीत जास्त चार भेटींनंतर तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष सावरले होते, तर नेहमीच्या उपचारात २६ टक्के. मात्र त्यात तीव्र व्यसनाचे रुग्ण नव्हते, म्हणून वडिलांना अधिक काळ पाठपुरावा लागेल.

भाजीत कालवून चोरून औषध मुळीच देऊ नका. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू प्यायल्यास जिवावर बेतू शकते. जवळचे केंद्र विचारण्यासाठी १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे.