कलंडलेली कॅटमरान सरळ करण्याचा दोर

प्रश्न : आम्ही पती-पत्नी खडकवासल्याच्या जलाशयात जुनी होबी १६ कॅटमरान (दोन समांतर हल, म्हणजे तरंगणारी अरुंद अंगे असलेली शिडाची होडी) चालवतो. दोघांचे मिळून वजन सुमारे १२० किलो आहे. अलीकडे होडी कलंडली तेव्हा ती सरळ करण्याचा दोर ट्रॅम्पोलिनवरच्या (दोन हलच्या मध्ये ताणलेल्या कापडावरच्या) पिशवीत होता आणि पिशवीची चेन पाण्यात काही केल्या उघडेना. दोर कायमचा बांधून ठेवता येईल का, आणि आमचे वजन पुरेल का? (एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : दोर कायमचा बांधता येतो, आणि तो तसाच बांधलेला असावा, असे माझे ठाम मत आहे. पिशवीतला दोर किनाऱ्यावर नीटनेटका दिसतो. परंतु होडी आडवी झाल्यावर पिशवी कोणत्या बाजूला जाईल याचा भरवसा नसतो आणि दमलेल्या, ओल्या बोटांना चेन किंवा घट्ट गाठ सुटत नाही.

यासाठी १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, हाताला मऊ लागणारा पॉलिएस्टरचा दोर घ्यावा. गिर्यारोहणाच्या दुकानात मिळणारा, कमी ताणला जाणारा स्टॅटिक दोरही चालेल. प्रस्तरारोहणाचा ताणला जाणारा दोर मात्र घेऊ नये, कारण आपण मागे रेललात की तो लांबत जातो. दोराचे एक टोक डोलकाठीच्या बुडाशी, दोन्ही हल जोडणाऱ्या पुढच्या आडव्या बीमभोवती बोलाइन गाठीने (न सरकणाऱ्या फासाने) पक्के करावे. तेथून दोर ट्रॅम्पोलिनच्या खालून मागच्या बीमपर्यंत न्यावा, तेथे बांधलेल्या कडीतून ओवून पुन्हा पुढे वळवावा आणि त्याचे दुसरे टोक इलॅस्टिकच्या दोरीला जोडून ती दोरी पुढच्या बीमला बांधावी. असे इलॅस्टिक रविवार पेठेतील बोहरी आळीत सहज मिळावे. दोर होडीच्या मध्यरेषेवर असल्यामुळे ती कोणत्याही कुशीवर पडली तरी खालच्या हलवर उभे राहून तो ओढून घेता येतो आणि सोडला की आपोआप आत जातो. इलॅस्टिकचे काम दोर आवरण्याएवढेच आहे. अंगाचा सारा भार बीमवरच्या गाठीवर यायला हवा. म्हणून दोर हातात घेताना पुढच्या बीमकडून येणारा भागच धरावा. त्या भागावर साधारण ३० सेंटिमीटर अंतराने गाठी मारून ठेवाव्यात आणि दोर हाताला कधीही गुंडाळू नये.

आता वजनाविषयी. होबी १६ चे वजन सुमारे १४५ किलो असते. दोर कितीही उंच बांधला तरी होडी उचलणारा जोर त्याने वाढत नाही. तो जोर आपले शरीर खालच्या हलच्या बाहेर किती लांब जाते यावर ठरतो. उंच बांधलेला दोर धरायला सोपा जातो, इतकाच त्याचा फायदा. त्यामुळे दोघांनी एकमेकांना चिकटून, गुडघे सरळ ठेवून, पाठ पाण्याला टेकेल इतके मागे रेलावे. १२० किलो हे वजन काठावरचे आहे. वारा असेल तर ते पुरेल, पडलेल्या वाऱ्यात कदाचित पुरणार नाही. अशा वेळी खांद्यावरून टाकण्याची, पाण्याने भरायची मजबूत पिशवी कामी येते. तीत ३० लिटर पाणी भरले की ३० किलो वाढतात. पण पिशवी पाण्याबाहेर उचलली गेल्यावरच, कारण पाण्यात बुडालेल्या पाण्याचा भार लागत नाही.

वाऱ्याची मदत मात्र आपणहून मिळवावी लागते. आधी दोन्ही शिडांचे दोर मोकळे सोडावेत, नाहीतर होडी उठताक्षणी पळू लागते किंवा पुन्हा कलंडते. मग दोघांनी खालच्या हलवर पुढच्या टोकाकडे सरकावे. ते टोक पाण्यात दबते, ट्रॅम्पोलिनवर वारा आदळून मागचा भाग वाहत जातो आणि होडीचे तोंड वाऱ्याकडे वळते. डोलकाठीचे टोक पाण्याबाहेर आले की शिडाखाली वारा शिरतो आणि उरलेले काम झपाट्याने होते. त्याच क्षणी वरचा हल डोक्यावर येण्याचा धोका असतो. म्हणून नजर वर ठेवावी, दोन हलच्या मध्ये राहावे आणि पुढच्या बीमखालची दांडी पकडून होडी दुसऱ्या कुशीवर जाऊ देऊ नये.

उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरलेली असताना एक काळजी अधिक घ्यावी. होबी १६ ची डोलकाठी ८ मीटरहून थोडी लांब असते, त्यामुळे होडी पूर्ण पालथी झाली तर तिचे टोक गाळात रुतू शकते. तसे झाल्यास लगेच दोराला लोंबकळू नये, डोलकाठी वाकते; आधी होडी वाऱ्याबरोबर हळूहळू सरकवून टोक मोकळे करावे आणि मगच मागे रेलावे.