ऑस्प्रेच्या घरट्यातलं सर्वांत धाकटं पिल्लू जगेल का? आई त्याला वाचवत का नाही?

तुम्ही लिहिलंय की ब्रिटनमधल्या एका ऑस्प्रेच्या, म्हणजे मासे पकडून खाणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या, घरट्याचा कॅमेरा रोज बघता. तीन पिल्लं झालीत, थोरलं धाकट्याच्या डोक्यावर चोची मारतं आणि आई नुसती बसून राहते. धाकटं जगेल का, आणि माणसं मदत का करत नाहीत?

जगू शकतं. पण ते त्या टोचाटोचीवर ठरत नाही, बाप किती मासे आणतो यावर ठरतं. म्हणून भांडण बघू नका, मासे मोजा.

ऑस्प्रेची मादी पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला लागते. पुढची अंडी दोन-तीन दिवसांच्या फरकाने येतात आणि साधारण 37 दिवसांनी त्याच क्रमाने फुटतात. म्हणजे तिसरं बाहेर येतं तेव्हा थोरलं चार-पाच दिवसांचं झालेलं असतं, अंगाने केवढं तरी मोठं. पोट भरलेलं असलं तर थोरलं फारसं कुणाच्या वाटेला जात नाही. दोन दिवस पाऊस-वारा लागला, पाणी गढूळ झालं, बापाला मासा दिसेना, की चोची सुरू.

मासा आला की नीट बघा. डोक्याकडचा भाग बहुतेक वेळा नराने आधीच खाल्लेला असतो. मादी उरलेला मासा नख्यांखाली दाबते, नखाएवढा तुकडा तोडते आणि मान तिरकी करून चोचीच्या टोकाने पुढे धरते. आधी थोरलं खातं, मग मधलं. दोघांच्या गळ्याखाली गोटी अडकल्यासारखा फुगवटा आला की ती जागच्या जागी लवंडतात. मग त्यांच्या मागून, लटपटत्या मानेवर, धाकट्याचं तोंड वर येतं. मासा मोठा असेल तर तेव्हाही शिल्लक असतो, आणि आई शांतपणे त्याला भरवत राहते. या एका क्षणासाठी मी अख्खा मे महिना जागते.

आईला माया नाही असं कृपा करून म्हणू नका. पिल्लांमधून चालताना ती नख्या आत वळवून, मूठ करून पाऊल टाकते. त्याच नख्यांनी एरवी जिवंत मासा फोडते. पावसात आणि उन्हात पंख पसरून तासन्‌तास उभी राहते. फक्त भांडण सोडवणं तिच्या स्वभावात नाही.

मी बघते ते घरटं इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या जलाशयावरचं, मँटन बेचं. तिथल्या मादीला माया म्हणतात, नराला 33(11). पायातल्या कड्याचा नंबर 33, जन्म 2011 चा. या जोडीने 2019 मध्ये चार पिल्लं वाढवली आणि चारही उडाली. चार! नराने दिवसभर मासे ओढले म्हणून ते जमलं.

माणसांच्या मदतीचं म्हणाल तर सहसा ती करत नाहीत, आणि मला ते पटतं. शिडी लावून वर गेलं की आई उडते, आणि गार वाऱ्यात उघडी पडलेली तीनही पिल्लं धोक्यात येतात. अपवाद झालेला आहे. वेल्समधल्या डव्ही नदीजवळच्या घरट्यात जून 2012 च्या वादळी पावसात तीनपैकी दोन पिल्लं गेली. तिसरं मरायला टेकलं तेव्हा तिथली माणसं वर चढली, त्याला मासा भरवला. ते जगलं आणि त्याच वर्षी आफ्रिकेकडे उडालं. पण तिथे एकच उरलं होतं. तुमच्या घरट्यात अजून तीन आहेत.

पहिले दहा-बारा दिवस सर्वांत नाजूक. नंतर अंगावरची पिसं गडद होतात, पिल्लं सरड्यासारखी दिसायला लागतात, आणि धाकटं तोवर टिकलं असेल तर माझा जीव बराच खाली पडतो.

आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथे संध्याकाळचे पाच, आणि उजेड अजून चार तास असतो. आज संध्याकाळचा मासा आला की थोरली दोघं झोपेपर्यंत कॅमेरा बंद करू नका.