हंटिंग्टनमध्ये आठवडाभर संशोधन करायचं असेल तर तयारी काय करावी?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकन विज्ञानकथा-लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांची कागदपत्रं पाहायला कॅलिफोर्नियात सॅन मरिनोच्या हंटिंग्टन संस्थेत जायचं आहे, हाताशी एकच आठवडा आहे, शिवाय तिथली चित्रं आणि वाळवंटी उद्यानातल्या वनस्पतीही अभ्यासायच्या आहेत. जमेल का?

बटलर जमेल. बाकी दोन्हींसाठी आधी पत्रव्यवहार केला असेल तरच.

ग्रंथालय, कलासंग्रहालय आणि उद्यान एकाच आवारात असले तरी त्यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. छापील पुस्तकं ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये मिळतील, पण कागदपत्रांची खरी सूची ‘ऑनलाइन अर्काइव्ह ऑफ कॅलिफोर्निया’वर आहे. बटलर संग्रहाचा क्रमांक ‘एमएसएस ओईबी १-९०६२’. नुसतं ‘बटलर यांच्या वह्या हव्यात’ असं कळवलंत तर तिथले लोक तुमच्याकडूनच क्रमांक मागतील. सूची घरी बसून वाचा, हव्या त्या नोंदींचे क्रमांक उतरवून घ्या आणि त्यांना प्राधान्यक्रम लावा. पहिल्या दिवसाची मागणी, वाचक म्हणून नोंदणी आणि वाचनकक्षाच्या सुट्ट्या हे सगळं निघण्यापूर्वी बघून ठेवा. छायाचित्र असलेलं ओळखपत्र लागतं.

टेबलावर शिसपेन्सिल चालते, पेन नाही. एका वेळी एकच फोल्डर उघडा. कागद पुढेमागे झालेले दिसले तरी स्वतः लावू नका, काउंटरवर सांगा. तो विस्कळीत वाटणारा क्रमच कदाचित लेखिकेचा असेल. साध्या कागदाला हातमोजे नकोत. बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि कोपरे फाटतात. धुतलेले, कोरडे हात बरे. छायाचित्रं हाताळताना मात्र मोजे घालावेत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फोटोंचा. चारपाचशे फोटो घेऊन लोक परततात आणि कुठलं पान कुठल्या वहीतलं ते कळत नाही. प्रत्येक नोंदीचा पहिला फोटो तिच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा घ्या, मग पानं. मागची बाजू कोरीच असणार असं धरून चालू नका. फ्लॅश बंद. आणि फोटो काढू दिला म्हणजे छापायचीही परवानगी मिळाली असं होत नाही: कागद संस्थेचे असले तरी त्यावरच्या मजकुराचा कॉपीराइट सहसा लेखकाच्या वारसांकडे असतो.

एल्समेअर चॉसरचं (म्हणजे चॉसर या मध्ययुगीन इंग्रजी कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’चं) मूळ हस्तलिखित ‘जाता जाता’ मागू नका. त्याची डिजिटल प्रत खुली आहे, आणि ज्याचं उत्तर त्या प्रतीत सापडतं त्यासाठी मूळ वस्तू बाहेर निघत नाही.

चित्रांच्या बाबतीत भिंतीपेक्षा संग्रहालयाने ठेवलेली त्या चित्राची फाइल जास्त बोलते. अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार गेन्सबरो याच्या ‘ब्लू बॉय’ या चित्राचा क्रमांक २१.१ आहे, म्हणजे १९२१ साली संग्रहात आलेली पहिली नोंद. गेन्सबरोने या चित्रात आधी एक कुत्रा रंगवला होता आणि नंतर तो झाकून टाकला. दालनात तो दिसत नाही, क्ष-किरण चित्रात दिसतो. असल्या फाइलींसाठी क्युरेटरना (संग्रह सांभाळणाऱ्या तज्ज्ञांना) नेमका प्रश्न आधी लिहून पाठवावा लागतो.

उद्यानात नावापेक्षा झाडाचा संग्रहक्रमांक महत्त्वाचा. नावं बदलतात: कोरफडीसारख्या झाडाचं ‘अलो डायकोटोमा’ हे नाव २०१३ पासून ‘अलोइडेंड्रॉन डायकोटोमम’ झालं आहे, त्यामुळे जुन्या कार्डावर एक नाव आणि पाटीवर दुसरं असू शकतं. क्रमांकावरून मूळ रोप कुठून आलं, बी रानातून गोळा केलं होतं की दुसऱ्या उद्यानातून आलं, याचा माग काढता येतो. पाटीचा आणि संपूर्ण झाडाचा, असे दोन फोटो घ्या. पडलेला तुकडासुद्धा खिशात घालू नका. निवडुंगाचं जवळजवळ सगळं कुळ साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, आणि बहुतेक वेळा जिवंत तुकडा सीमेपार न्यायला साइट्सचा परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही लागतात. ती कागदपत्रं एका आठवड्यात हातात पडतील असं धरू नका, म्हणून नमुना खरोखरच हवा असेल तर ती बोलणी आजच सुरू करा.