वीस मेच्या आत घरी ये

रबाळे, २९ एप्रिल २०२४

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री नाशिकजवळच्या पिंपळगावच्या लॉजवरून तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज उतरलेला होता. भुईकाट्याचं काम चोख झालं होतं. पण ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याशी तुझी लोकसभेच्या निवडणुकीवरून जुंपली, तू त्याला ‘काका, जरा देशाचा विचार करा’ म्हणालास आणि तो एक अक्षर न बोलता निघून गेला. मी फोनवर एवढंच म्हणालो की झोप आता. दिवसभर उन्हात राबलेल्या पोराला रात्री अकराला ऐकवण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज लिहितोय.

त्याच्या हातातला कागद पाहिलास का? पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या वजनाचा आणि भावाचा हिशेब. लिलावात भाव पुकारला जातो, भरलेली ट्रॉली आपल्या काट्यावर चढते, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरतो, रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते. दोन्हींतला फरक म्हणजे त्याचं सहा महिन्यांचं काम. पट्टीवरचा वजनाचा आकडा खरा असावा म्हणून तू आणि मी दोनशे किलोमीटर घाट चढून जातो. त्याच्या शेजारचा भावाचा आकडा मात्र नुसत्या लिलावात ठरत नाही. ८ डिसेंबरला दिल्लीहून कांद्याची निर्यात बंद झाली. ३१ मार्चला ती उठेल म्हणून लोक थांबले होते, तर मुदत संपायच्या आधीच बंदी पुढे वाढली. त्यात या महिन्याच्या सुरुवातीला हमाली-तोलाईच्या वादात लिलाव बंद पडले, ते वेगळंच. तो माणूस देशाचाच विचार करत होता रे. देश त्याला त्या कागदावर दिसत होता.

आता आपली बाजू. तुझ्या आईने गेल्या आठवड्यात ऐरोलीत कांदा स्वस्त घेतला, माझ्या घरीही तोच येतो. वर्कशॉपमधली पोरं महिन्याच्या पगारात घर चालवतात, त्यांना किलोमागे दहा रुपये वाचले तर ते कळतात. शहरात भाव भडकू नयेत असं सरकारला वाटलं, यात मला पाप दिसत नाही. पण ती स्वस्ताई कुणाच्या पट्टीतून आली हे आपल्याला माहीत असायला हवं. माझं मत विचारशील तर पीक काढणीला आल्यावर नियम बदलणं हा अन्याय आहे, मग खुर्चीवर कुणीही असो.

पांढऱ्या कांद्याचं प्रकरण तर तुझ्या डोळ्यांसमोरच घडलं. २५ तारखेला गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी निघाली आणि नाशिक पेटलं. दोन दिवसांनी सरकारने सहा देशांसाठी ९९,१५० टनांच्या निर्यातीचा आकडा सांगितला. आपण काटेवाले, आपण गाड्यांत मोजावं. पंचवीस टनी गाडी धरली तर पहिला आकडा ८० गाड्यांचा, दुसरा ४,००० गाड्यांच्याही आतला. मी भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याला काट्याच्या कामासाठी बऱ्याचदा गेलोय. तिथला शेतकरी ८० गाड्यांनी श्रीमंत होत नाही. निर्यातबंदी आली तेव्हा तिकडेही लोक रस्त्यावर उतरले होते. नाशिकचा राग मला पटतो. पण तो राग महुव्याच्या शेतकऱ्यावर वळवणारं भाषण ऐकलंस तर तिथे मान डोलवू नकोस.

मी तुला पहिल्या दिवशी कोपरे लावायला शिकवले होते, आठवतं? वीस-वीस किलोची वजनं टेम्पोतून उतरवून काट्याच्या एकाच कोपऱ्यावर रचायची, आकडा लिहायचा, मग तीच वजनं उचलून दुसऱ्या कोपऱ्यावर. पाठ मोडते. मधोमध ठेवलं की बहुतेक काटे बरोबरच दाखवतात, फरक सापडतो तो कोपऱ्यावर. दौऱ्यावर लोकांचं बोलणं ऐकताना माझ्या डोक्यात हेच असतं. त्यामुळे ‘कोण येणार?’ हा प्रश्न मी सोडून दिलाय. विचारलं की समोरचा आपला चेहरा वाचतो आणि चॅनेलवर ऐकलेलं सांगतो. ‘क्विंटलला काय पडलं?’, ‘पोरगं काय करतं?’, ‘मोटरीला वीज किती वाजता येते?’ असं विचार. पुढची पंधरा मिनिटं तुला बोलावं लागणार नाही. पिंपळगावला परत जाशील तेव्हा तो शेतकरी भेटला तर आधी चहा सांग.

नाक्यांवर निवडणुकीची तपासणी पथकं आहेत. वजनांचं सर्टिफिकेट आणि टूलकिटचं चलन वरच ठेव, पन्नास हजारांवर रोकड कागदाशिवाय बाळगू नकोस.

आजची तारीख पाहिलीस? पाच वर्षांपूर्वी, २९ एप्रिल २०१९ ला, ठाण्यात मतदान होतं आणि मी वापीच्या एका कारखान्यात काट्याखालच्या खड्ड्यात उतरलो होतो. तिथलं मतदान २३ तारखेलाच झालं होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मालकांनी ‘निघ’ म्हटलं आणि मी निघालो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे त्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते हे मला ठाऊक होतं, तरी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा सगळ्यांच्या बोटांवर शाई होती. ते अजून सलतं.

आपला वेल्डर सिवानचा. त्याचं मतदान २५ मेला आहे आणि गाडीचं तिकीट मिळत नाही. दीड वर्षापूर्वी निवडणूक आयोगाने परगावी राहणाऱ्यांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना आणला होता, ते पुढे सरकलं नाही. काल तो मला म्हणाला, ‘आप लोगों का तो घर के सामने है.’ खरंच आहे. तुझं केंद्र तुझ्या इमारतीपासून पाच मिनिटांवर असेल. यादीत नाव आहे का ते आजच बघ, आईचंही बघ.

येवल्याच्या गिऱ्हाईकाने वीस तारीख मागितली होती. त्या दिवशी ठाण्यात मतदान आहे असं सांगायला मी सकाळी फोन केला. तो म्हणाला, ‘अहो, आमच्याकडेही वीसलाच आहे, मी विसरलोच होतो. एकवीसला पाठवा.’ तुझं नाव एकवीसला लावलंय.

तुझा,
काका